शेवटच्या वाहनापर्यंत : विद्युत् वाहनांचे सॉफ्टवेअर कसे बदलते

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. भोसले घराण्याची राजवट आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्यामुळे त्या नगराशी आपला जुना ऋणानुबंध आहे. परंतु नगराच्या भोवतालचा जो विस्तीर्ण सखल मुलूख आहे, तो जगतो कावेरीच्या पाण्यावर. मेट्टूर येथील धरणाचे दरवाजे १२ जून रोजी उघडावे, अशी तेथील रूढ प्रथा आहे. धरणात पुरेसा साठा नसेल तर ती पाळता येत नाही. २०२४ साली तसेच घडले. २०२५ साली मात्र १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडले आणि १५ जूनला कल्लणै येथून पाणी पुढे सोडण्यात आले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करिकाल चोळ राजाने बांधविला असे मानले जाते तो हा बंधारा होय. येथे पाण्याची वाटणी होते : काही कावेरीत, काही वेण्णारु नदीत, काही मोठ्या कालव्यात, आणि पुराचे अधिक पाणी कोळ्ळिडम नदीत.

बंधाऱ्याचे दरवाजे उघडले म्हणजे त्याच दिवशी सर्व शेतांत पाणी पोचले, असे होत नाही. ते प्रथम मुख्य प्रवाहात, मग शाखांत, मग चाऱ्यांत आणि अखेरीस शेतात शिरते. कालव्याच्या मुखाशी असलेल्या गावांत भाताच्या रोपवाटिका हिरव्या झाल्या तरी पट्टुकोट्टै, पेरावूरणी यांच्या बाजूची शेपटाकडील गावे पाण्याची वाट पाहत असतात. महाराष्ट्रातही ज्यांची शेते कालव्याच्या ‘टेल’ला आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही.

याच गावांच्या रस्त्यांवरून अलीकडे विजेवर चालणाऱ्या स्कूटरही धावू लागल्या आहेत. तमिळनाडूच्याच कृष्णगिरी जिल्ह्यात, होसूर व पोचंपळ्ळी येथे, अशा स्कूटर तयार करणारे मोठे कारखाने आहेत. विकलेल्या स्कूटरशी कारखान्याचा संबंध तेथेच संपत नाही. तिच्या अंगी असलेले सॉफ्टवेअर कारखाना पुढेही बदलीत राहतो, आणि हा बदल दूर अंतरावरून, मोबाइल फोनच्या जाळ्यातून केला जातो. हा बदलदेखील सर्व वाहनांत एकाच दिवशी पोचत नाही. एका वाहनास आज, दुसऱ्यास पंधरा दिवसांनी, तर तिसऱ्यास मुळीच नाही, असे घडते. असे का व्हावे? यात हयगय किती आणि सावधगिरी किती? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वाहनातील अदृश्य भाग

विद्युत् वाहनात बॅटरी, मोटार, चाके व ब्रेक हे डोळ्यांना दिसणारे भाग असतात. त्यांच्या जोडीला एक न दिसणारा भागही असतो. बॅटरी म्हणजे वस्तुतः अनेक लहान विद्युत्-घटांचा समूह होय. प्रत्येक घटाचा दाब व समूहाचे तापमान किती आहे, घट किती भरला आहे, त्यात किती वेगाने वीज भरावी, केव्हा थांबावे, याचा निर्णय क्षणोक्षणी घ्यावा लागतो. हे काम एक छोटा संगणक करतो. मूठ पिळल्यावर मोटारीस किती प्रवाह द्यावा, हे दुसरा संगणक ठरवितो. चालकासमोरील पडदा तिसऱ्याच्या ताब्यात असतो. या संगणकांनी कसे वागावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात.

सूचना बदलल्या की वाहनाचे वर्तन बदलते, मग त्याचा एकही खिळा हलविलेला नसला तरी चालते. याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१८ सालचे आहे. अमेरिकेतील एका ग्राहक-संस्थेने टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल ३’ या मोटारीची परीक्षा घेतली. ताशी ९७ किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर ती मोटार थांबण्यास सुमारे ४६ मीटर अंतर लागले. संस्थेने ते अंतर फार ठरविले. कंपनीने ब्रेकच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर सुधारून ते हवेतूनच वाहनांना पाठविले. पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा हे अंतर सुमारे सहा मीटरनी घटले होते.

सहा मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या जीवन-मरणाचे अंतर होऊ शकते. आणि जे साधन ब्रेक सुधारू शकते, तेच चुकीच्या सूचना गेल्यास ब्रेक बिघडवूही शकेल, हे उघड आहे. म्हणून सॉफ्टवेअर कसे पाठवावे हा प्रश्न केवळ सोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

पाठविण्याची रीत

नवी आवृत्ती तयार झाली की तिची एक बंद पुडी बांधली जाते आणि तीवर कारखान्याची डिजिटल सही केली जाते. ही सही म्हणजे गणिताच्या साहाय्याने तयार केलेली एक खूण होय. पुडीतील एक अक्षर जरी वाटेत बदलले तरी सही जुळत नाही आणि वाहन ती पुडी नाकारते. कोणी आगंतुकाने खोट्या सूचना पाठविल्या तर त्यांचा शिरकाव होऊ नये, यासाठी ही योजना असते.

वाहनात बहुधा एक सिमकार्ड बसविलेले असते. काही वाहने घरातील वाय-फायचाही उपयोग करतात. त्यांच्यामार्फत पुडी वाहनात उतरते. ती उतरत असताना वाहन नेहमीप्रमाणे चालविता येते. प्रत्यक्ष बदल मात्र वाहन उभे असताना आणि बॅटरीत पुरेशी वीज असतानाच करावा लागतो. अर्ध्यावर वीज संपली तर संगणकाजवळ ना जुन्या सूचना, ना नव्या, अशी अवस्था व्हायची. हा धोका टाळण्यासाठी अनेक वाहनांत स्मृतीचे दोन कप्पे ठेवलेले असतात. एका कप्प्यातील जुन्या सूचनांवर वाहन चालू असते, तर दुसऱ्यात नव्या सूचना लिहिल्या जातात. लिहून झाल्यावर संगणक नव्या कप्प्यातून काम सुरू करतो, स्वतःची तपासणी करतो, आणि काही चुकले असल्यास जुन्या कप्प्याकडे परततो. शेवटी ‘बदल झाला’ किंवा ‘बदल फसला’ असा निरोप कारखान्याकडे जातो.

प्रत्येक बदल या रीतीने होतोच असे नाही. टाटा मोटर्सने जुलै २०२२ मध्ये ‘नेक्सॉन ईव्ही’ची सुधारलेली आवृत्ती बाजारात आणली. तिच्यातील काही सोयी आधीच्या ग्राहकांनाही सॉफ्टवेअरद्वारे विनामूल्य देण्याचे कंपनीने ठरविले. अशी वाहने बावीस हजारांहून अधिक होती. परंतु हा बदल त्यांना अधिकृत कार्यशाळेत नेऊन करून घ्यावयाचा होता. पुढे फेब्रुवारी २०२३ पासून ‘नेक्सॉन ईव्ही मॅक्स’च्या ग्राहकांनाही असाच एक बदल विक्रेत्याकडे करून मिळू लागला. त्यामुळे एका भरणीत कापावयाचे प्रमाणित अंतर ४३७ किलोमीटरवरून ४५३ किलोमीटरवर गेले. कार्यशाळेत नेण्याच्या या रीतीत माणसाची देखरेख असते, हा तिचा गुण. ज्याच्या गावापासून कार्यशाळा दूर आहे त्याला एक दिवस खर्ची घालावा लागतो, हा तिचा दोष.

एकच नाव, अनेक वाहने

रस्त्यावरून एकाच नावाच्या व रंगाच्या दोन स्कूटर गेल्या, तर पाहणाऱ्यास त्या सारख्याच वाटतील. कारखान्याच्या दृष्टीने मात्र त्या भिन्न असू शकतात. एकीतील घट एका पुरवठादाराकडून आलेले असतात, दुसरीतील दुसऱ्याकडून. मधल्या काळात पडद्याची चिप मिळेनाशी झाली म्हणून वेगळी चिप बसविलेली असते. एकीवर मागील सर्व बदल झालेले असतात. दुसरी दोन वर्षे बंद गोदामात पडून असल्याने तिच्यावर मूळचीच आवृत्ती असते, आणि तिला आधी मधल्या पायरीवर आणावे लागते. निरनिराळ्या देशांचे नियमही निरनिराळे असतात.

यास्तव कारखान्यास प्रत्येक वाहनाची एक टाचणवही ठेवावी लागते : सांगाडा-क्रमांक अमुक, घट अमुक पुरवठादाराचे, मोटारीचा नियंत्रक अमुक प्रकारचा, त्यातील सूचनांची आवृत्ती अमुक. नवी पुडी कोणाला लागू पडते, हे या टाचणवहीवरून ठरते. शेजाऱ्याच्या स्कूटरला नवी आवृत्ती मिळाली आणि आपल्या स्कूटरला नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की ती आपल्या स्कूटरसाठी नव्हतीच.

थोड्यांपासून सर्वांपर्यंत

ज्यांना ती आवृत्ती लागू पडते, त्या सर्वांनाही ती एकदम दिली जात नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातच, अडुतुरै येथे, १९२२ साली स्थापन झालेले भात-संशोधन केंद्र आहे. भाताचे नवे वाण आधी केंद्राच्या स्वतःच्या वाफ्यांत वाढते, मग निवडक शेतकऱ्यांच्या शेतांत, आणि तेथे टिकले तरच गावोगाव जाते. सॉफ्टवेअरचा क्रमही असाच आहे. प्रथम प्रयोगशाळेतील मेजावर मांडलेल्या नियंत्रकांवर परीक्षा होते. मग कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या वाहनांवर. मग जे स्वेच्छेने तयार होतील अशा ग्राहकांच्या वाहनांवर. त्यानंतर शंभरातील एखाद्या वाहनावर, मग शंभरातील दहांवर, आणि शेवटी सर्वांवर. प्रत्येक पायरीवर थांबून आलेले निरोप वाचले जातात. ओला कंपनीच्या स्कूटर डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा पडद्यावरील मार्गदर्शक नकाशा, ठरावीक वेग राखण्याची योजना अशा काही सोयी त्यांत चालू नव्हत्या. त्या ‘मूव्ह ओएस २’ या आवृत्तीने जून २०२२ मध्ये सर्वांना मिळाल्या. परंतु त्यापूर्वी ही आवृत्ती काही निवडक ग्राहकांना चाचणीसाठी देण्यात आली होती.

ही सावधगिरी निष्कारण नाही. अमेरिकेतील रिव्हियन कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक नवी आवृत्ती पाठविण्यास आरंभ केला. चुकून अयोग्य सुरक्षा-प्रमाणपत्रे असलेली प्रत बाहेर पडली. ती ज्या वाहनांत गेली त्यांचे मधले पडदे बंद पडले; वाहने चालू शकत होती, पण चालकास आवश्यक ती माहिती दिसेना. कंपनीने वितरण ताबडतोब थांबविले. तोपर्यंत तिच्या वाहनांपैकी सुमारे ३ टक्के वाहनांनाच बाधा झाली होती. सर्वांना एकदम पाठविले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकाने करावी. त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, टेस्लाच्या स्वयंचालन-सॉफ्टवेअरच्या एका प्रायोगिक आवृत्तीने काही वाहनांत समोर अडथळा नसतानाही टक्कर होणार असल्याचे इशारे दिले, आणि ब्रेक आपोआप लागण्याचा धोका उत्पन्न झाला. कंपनीने काही तासांतच जुनी आवृत्ती परत आणली. पुढे तिने सरकारदरबारी याची नोंद केली. तीत वाहनांची संख्या ११,७०४ होती.

किती वाहने म्हणजे पुरेशी?

पहिल्या गटात किती वाहने असावीत, याचे उत्तर साध्या गणिताने काढता येते. समजा, नव्या आवृत्तीत असा एक दोष आहे की तो हजारातील एका वाहनात प्रकट होतो. ती आवृत्ती १०० वाहनांना दिली, तर एकाही वाहनात दोष न दिसण्याचा संभव सुमारे ९० टक्के असतो. म्हणजे शंभर वाहने निर्वेध चालली, एवढ्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. १,००० वाहनांना दिली तर दोष निसटण्याचा संभव सुमारे ३७ टक्के उरतो. ५,००० वाहनांना दिली तर तो एक टक्क्याहूनही कमी होतो. म्हणून गट पायरीपायरीने वाढवीत न्यावा लागतो.

परंतु या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पहिल्या गटातील वाहने सर्व वाहनांतून सरमिसळ निवडलेली असली पाहिजेत. समजा, हा दोष केवळ विशिष्ट पुरवठादाराच्या घटांत आणि तेही तापलेल्या स्थितीत प्रकट होतो. पहिल्या गटातील पाच हजार वाहने थंड हवेच्या शहरातील आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या घटांची असतील, तर तो दोष कधीच दिसणार नाही. पाचाचे पन्नास हजार केले तरी दिसणार नाही.

येथे त्रिभुज प्रदेशातील गावांचा संबंध येतो. स्वेच्छेने चाचणीस तयार होणारे ग्राहक बहुधा मोठ्या शहरांतील असतात. तेथे मोबाइलचे जाळे दाट असते आणि कार्यशाळा जवळ असते. पेरावूरणीकडील एखाद्या गावातील स्कूटरची स्थिती निराळी असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो, समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते, विजेचा दाब कमीजास्त होतो, आणि स्कूटरवर माणसाच्या जोडीला भाताचे पोतेही असते. जे सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या रस्त्यावर उत्तम ठरले, ते येथेही उत्तम ठरेल असे गृहीत धरता येत नाही. शेपटाकडील गावाला नवी आवृत्ती उशिरा मिळाली तर एक वेळ चालेल; पण तिची परीक्षा घेताना त्या गावासारखी वाहने वगळलेली असतील, तर सावधगिरीचा सारा खटाटोप व्यर्थ होय.

उशीर केव्हा चालतो, केव्हा नाही

नव्या सोयीला उशीर झाल्याने कोणाचे मोठे नुकसान होत नाही. धोका दूर करणाऱ्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी आहे. २०२२ साली भारतात अनेक ठिकाणी विद्युत् स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीविषयीचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. घटांची बांधणीच सदोष असेल तर सॉफ्टवेअर ती सुधारू शकत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तथापि तापमान वाढताच भरणीचा वेग कमी करणे, धोक्याची सूचना लवकर देणे, ही कामे सॉफ्टवेअरची आहेत. अशी दुरुस्ती कोणाला मिळाली नाही, हे कारखान्यास ठाऊक असलेच पाहिजे.

ती न मिळण्याची कारणे साधी असतात. स्कूटर रात्री ज्या पडवीत उभी राहते तेथे मोबाइलची लहर पोचत नाही. पडद्यावर आलेला प्रश्न परक्या भाषेत असल्याने मालक ‘नंतर’ हेच बटण दाबतो. कधी संकट याहून मोठे असते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ नावाचे चक्रीवादळ वेदारण्यम् जवळ किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले, पट्टुकोट्टै व पेरावूरणी भागातील नारळीच्या बागा भुईसपाट झाल्या, आणि काही गावांत वीज परत येण्यास कित्येक दिवस लागले. असे दिवस पुन्हा आले, तर दुरून येणाऱ्या निरोपावर विसंबलेले वाहन निरोपावाचूनही सुरक्षितपणे चालले पाहिजे. म्हणून नवी आवृत्ती पोचली नाही तरी जुनीवर वाहन नीट चालावे, हा रचनेचा पहिला नियम मानावयास हवा.

कायद्यानेही या कामाची दखल घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेला वाहनविषयक नियम क्रमांक १५६ हा जानेवारी २०२१ पासून अमलात आला. कोणत्या वाहनांना कोणती आवृत्ती लागू पडते हे निर्मात्याने आधी पडताळावे, वापरणाऱ्यास बदलाची माहिती द्यावी, बदल फसल्यास वाहन सुरक्षित स्थितीत राहावे, अशा गोष्टी त्यात आवश्यक ठरविल्या आहेत. त्याच धर्तीवर भारतात एआयएस-१९० हे मानक सिद्ध करण्यात आले. अशी मानके ठरविणाऱ्या समितीचे कार्यालयीन काम पुण्याच्या एआरएआय या संशोधन-संस्थेकडे आहे. सदोष वाहने परत बोलाविण्यास निर्मात्यास भाग पाडण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने सरकारला दिला, आणि त्याविषयीची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली.

वाहन विकत घेणाऱ्याने यातून काय घ्यावे? नवी आवृत्ती आल्याचे कळताच तिच्याबरोबरचे टिपण वाचावे आणि ती सोयीसाठी आहे की सुरक्षिततेसाठी, हे पाहावे. सुरक्षिततेसाठी असेल तर ‘नंतर’ म्हणू नये. बदल करताना वाहन मोबाइलची लहर पोचेल अशा जागी उभे करावे आणि बॅटरी पुरेशी भरलेली असावी. शेजाऱ्याला मिळालेली आवृत्ती आपल्याला न मिळाल्यास कारखान्याकडे विचारणा करावी. ती आपल्या वाहनास लागू नाही, की पाळी यावयाची आहे, की वाटेत कोठे अडली आहे, हे जाणून घेण्याचा ग्राहकास अधिकार आहे.

कालव्यावर देखरेख करणारा जाणता पाटकरी मुखाशी किती पाणी सुटले एवढेच पाहून घरी जात नाही. तो चारीच्या शेवटच्या शेतापर्यंत चालत जातो, आणि तेथील बांधाशी ओल दिसली म्हणजेच पाळी पूर्ण झाली असे समजतो. सॉफ्टवेअर पाठविणाऱ्या कारखान्यालाही हाच हिशेब लागू आहे. किती वाहनांना पाठविले हा आकडा पुरेसा नाही. किती वाहनांत ते नीट बसले, किती उरली, आणि ती कोणत्या गावांत आहेत, हे त्याला सांगता आले पाहिजे.